आफ्रिकेत कामाला निघालात? तिथल्या पाण्यात उतरण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातून आफ्रिकेत कामाला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणी साखर कारखान्यात पॅनमन (साखर शिजवणारा कामगार) किंवा फिटर म्हणून जातो, कुणी बोअरच्या गाडीवर, कुणी शांतिसेनेच्या तुकडीतून. निघताना घरातली मोठी माणसं एक गोष्ट हमखास बजावतात: पाणी उकळून पी रे बाबा. सल्ला योग्यच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. तिथल्या गोड्या पाण्यात एक जंत असा आहे की तो तोंडावाटे नव्हे, कातडीतून आत शिरतो. पिण्याचं पाणी बाटलीतलं आणि रविवारी सरोवरात मनसोक्त पोहणं, असं ज्याचं चाललंय तो या जंताच्या बाबतीत अजिबात सुरक्षित नाही.

या आजाराला बिलहार्झिया म्हणतात. डॉक्टरी नाव शिस्टोसोमियासिस. थिओडोर बिलहार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1851 साली कैरोमध्ये हा जंत शोधला, म्हणून ते नाव पडलं. टांझानिया-केनियात किचोचो म्हटलं की लोकांना लगेच कळतं. हे नाव लक्षात ठेवा, स्थानिक माणसाला विचारताना उपयोगी पडेल.

माझं काम प्रयोगशाळेतलं, म्हणून तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे. पण क्रमाने जाऊ.

आधी समजून घ्या: पाण्यात नेमकं काय असतं

आपल्याकडच्या जुन्या लोकांना नारूचा जंत आठवतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे तो होता. पायविहिरीत लोक उतरायचे, नारू झालेला पाय पाण्यात बुडायचा, आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू व्हायचा. दुहेरी फडक्याने पाणी गाळलं की तो टळायचा. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या आठवणीमुळे पाण्यातला जंत म्हटलं की आपल्या डोक्यात पिण्याचंच पाणी येतं. बिलहार्झियाची वाट वेगळी आहे.

ज्याला हा जंत झालाय त्याच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी एका ठरावीक जातीच्या गोगलगाईत शिरते. गोगलगाईच्या पोटात ती काही आठवडे वाढते, एकीच्या हजारो होतात, आणि मग शेपटीला फाटा असलेल्या बारीक अळ्या पाण्यात सुटू लागतात. मिलिमीटरभरसुद्धा लांबी नसते, डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाची कातडी सापडली की काही मिनिटांत आत. त्यासाठी कातडीवर जखम किंवा ओरखडा असावा लागत नाही. पुढे रक्तातून फिरत, यकृतात वाढत, नर-मादी जोडीने मूत्राशयाजवळच्या किंवा आतड्याजवळच्या शिरांत मुक्काम ठोकतात. साधारण 3 ते 10 वर्षं जगतात. तीस वर्षांहून जास्त जगल्याच्याही नोंदी आहेत.

त्रास मुख्यतः जंताचा नसतो, अंड्यांचा असतो. रोज शेकडो अंडी पडतात, त्यातली निम्मी-शिम्मी बाहेर जातात आणि उरलेली मूत्राशयाच्या, आतड्याच्या, यकृताच्या आत अडकून बसतात. शरीर त्यांच्याभोवती सूज आणि वण तयार करत राहतं. म्हणून हा आजार एका रात्रीत पाडत नाही, वर्षानुवर्षं आतून खात राहतो.

निघण्याआधी: कुठे जाताय ते नकाशावर बघा

जगातल्या ज्या लोकांना या आजारावर उपचाराची गरज आहे त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त आफ्रिकेत आहेत. युगांडा, केनिया आणि टांझानिया या तिघांच्या मधलं व्हिक्टोरिया सरोवर, मलावी सरोवर, नाईल आणि तिचे कालवे, घानातलं व्होल्टा सरोवर ही सगळी ठळक ठिकाणं. पण फक्त मोठ्या नावांना घाबरू नका. उसाच्या शेतीला पाणी देणारा साधा पाट, कारखान्यामागचं तळं, धरणाच्या काठचं गवताळ पाणी, यांतही तो असतो. जिथे कालव्याची शेती वाढली तिथे हा आजार वाढला, असं सुदानपासून इजिप्तपर्यंत झालेलं आहे. आपली माणसं जातात ती नेमकी अशाच ऊसपट्ट्यात. म्हणून हे लिहिण्याची एवढी तळमळ.

पूर्व आणि आग्नेय आशियात, म्हणजे चीन, फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या काही भागांत याचाच भाऊबंद आहे. तिकडे निघालेल्यांनीही हेच नियम पाळावेत.

यावर लस नाही. पिवळ्या तापाची लस घेतली की कार्डावर शिक्का बसतो आणि माणसाला वाटतं आता सगळं झालं. ती लस हवीच, अनेक देशांत तिच्याशिवाय प्रवेशच नाही, आणि विमानाच्या दहा दिवस आधी तरी ती घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारा. पण बिलहार्झिया टाळायचा तो वागण्यानेच.

निघण्याआधी एक साधी लघवीची तपासणी आणि रक्ताची सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करून रिपोर्ट घरी ठेवा. परत आल्यावर तुलनेला तो कागद फार कामाला येतो.

पोचल्यावर पहिल्या दिवशी: नळाचं पाणी कुठून येतं ते विचारा

खोली कशी आहे, जेवण कोण करतं, हे सगळे विचारतात. पाण्याचं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. बोअरचं असेल तर या आजाराची भीती नाही. नगरपालिकेचं, गाळून क्लोरीन टाकलेलं असेल तरी ठीक. पण कॉलनीला सरोवरातून किंवा कालव्यातून मोटर लावून थेट पाणी येत असेल, तर न्हाणीघरातला शॉवरसुद्धा तळ्यात उतरल्यासारखाच.

अशा ठिकाणी दोन उपाय आहेत. एक, अंघोळीचं पाणी खळखळून मिनिटभर उकळायचं आणि निवू द्यायचं. दुसरा उपाय जास्त सोयीचा, विशेषतः दहा-बाराजण एकत्र राहत असाल तर: दोन टाक्या ठेवायच्या. या अळ्या गोगलगाईतून बाहेर पडल्यावर जेमतेम दोन दिवस तग धरतात. म्हणून एक टाकी भरून झाकायची आणि पूर्ण दोन दिवस हात लावायचा नाही, तोवर दुसरी वापरायची. अट एकच: टाकीत गोगलगाय शिरता कामा नये. ती आत राहिली तर रोज नव्या अळ्या सोडत राहील आणि सगळं मुसळ केरात. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, टाकीचं झाकण घट्ट ठेवा, महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून तळ बघा. हातात रबरी मोजे घालून.

पिण्याचं पाणी तर उकळायचंच. ओठांच्या आणि तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतूनही अळी शिरू शकते, आणि कावीळ, टायफॉइड वेगळेच.

रोजचा नियम: गोड्या पाण्यात पाय नाही

मार्कंडेय, मलप्रभा, घटप्रभेच्या काठची माणसं आपण. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेलो. पाणी दिसलं की उतरावंसं वाटणारच. तिथला सहकारी म्हणेल, "काय होत नाही ओ, आम्ही रोज पोहतोय की." तो खोटं बोलत नसतो. त्याला काही जाणवलं नसेल, किंवा जाणवलं तरी त्याने ते पाण्याशी जोडलं नसेल. त्याच्या सांगण्यावर उतरू नका.

काही समजुती इथेच मोडून काढू. पाणी नितळ आहे म्हणून चांगलं, असं नाही. वाहतं आहे म्हणून चांगलं, असंही नाही. प्रवाह संथ असेल आणि काठाला गवत-शेवाळ असेल तर गोगलगाई हमखास. दुपारी ऊन तापलेलं असताना अळ्या सर्वांत जास्त सुटतात हे खरं, पण म्हणून पहाटे गेलं की वाचलो, असा हिशेब करू नका. काठावर गोगलगाई दिसल्या नाहीत हाही पुरावा नव्हे. काही बोटाच्या पेराएवढ्याही नसतात आणि पाण्यातल्या पानाच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या असतात. एक जात जिलबीसारखी चपटी गुंडाळलेली, दुसरी लहान, उंचट आणि डावीकडे तोंड असलेली. ओळखायचा नाद करू नका, हातात तर घेऊच नका.

समुद्रात पोहा, खुशाल पोहा. या अळ्या खाऱ्या पाण्यात माणसाला लागत नाहीत. क्लोरीन टाकलेला, नीट राखलेला पोहण्याचा तलावही चालतो.

खरी अडचण पोहण्याची नसतेच, कामाची असते. पंपाच्या फूटव्हॉल्व्हला गवत अडकतं, पाणी ओढणं बंद होतं, आणि कुणीतरी कमरेइतक्या पाण्यात उतरून ते काढतो. गावाकडे आपण हे डोळे मिटून करतो. तिथे करायचं नाही. पाणी ओढणारा सक्शन पाइप पाणबुडी मोटरसारखा आत टाकण्याऐवजी काठावर ओढून घेता येईल असा दोर किंवा साखळी आधीच बांधून घ्या, म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. उतरावंच लागलं तर छातीपर्यंत येणारा अखंड रबरी पोशाख आणि लांब हातमोजे मागा. गुडघ्यापर्यंतचा गमबूट पाणी गुडघ्याच्या वर गेलं की कुचकामी, उलट आत भरलेलं पाणी पायाला चिकटून राहतं. सुपरवायझरकडे हे मागायला संकोच करू नका. फोरमन असाल तर तुमच्या हाताखालच्या स्थानिक पोरांसाठीही मागा, त्यांना हा आजार लहानपणापासून पुन्हा पुन्हा होत असतो.

कुटुंब बरोबर नेलं असेल तर कपडे धुणं आणि मुलांचं खेळणं ही दोन कामं पाण्याच्या काठावर होऊ देऊ नका. धुण्याच्या निमित्ताने बायकांचे हात-पाय तासभर पाण्यात असतात, मुलं तर त्यात डुंबतातच.

आणि लघवी-शौचाला पाण्याच्या आसपास जाऊ नका. तुमच्यात जंत असेल तर तुम्हीच पुढच्याला देता.

चुकून उतरलात तर

पाय घसरला, होडी कलंडली, कुणाला वाचवायला उडी मारावी लागली. होतं. लगेच बाहेर या आणि खरखरीत टॉवेलने अंग जोरात, भराभर पुसा. पाणी आपोआप वाळू देऊ नका. याने कदाचित काही अळ्या निघून जातील, पण खात्री नाही. पुसलं म्हणजे सुटलो असं धरून चालू नका.

मग एक काम करा: मोबाईलमध्ये तारीख आणि जागेचं नाव लिहून ठेवा. पुढची सगळी तपासणी या तारखेवरून मोजायची असते.

त्याच दिवशी गोळी घेऊन मोकळं होता येत नाही. यावरचं औषध, प्राझिक्वांटेल, पूर्ण वाढलेल्या जंतावर चालतं. कोवळ्या जंतांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. घाईने घेतलेली गोळी वाया जाते आणि माणूस निर्धास्त होतो, हे जास्त वाईट.

लक्षणं: कशाकडे लक्ष ठेवायचं

काहींना पहिल्या दिवशी पाण्यात बुडालेल्या भागावर खाज आणि लाल पुरळ येतं. बहुतेकांना काहीच होत नाही.

दोन ते आठ आठवड्यांनी, कधी त्याहून थोड्या उशिरा, ताप, कोरडा खोकला, अंगावर पित्ताच्या गांधी, पोटदुखी, अंगदुखी असा प्रकार येऊ शकतो. याला कातायामा ताप म्हणतात. आपल्यासारख्या पहिल्यांदाच या जंताशी गाठ पडलेल्या माणसांत तो जास्त दिसतो. हे दिवस नेमके सुट्टीवर घरी येण्याचे असू शकतात. एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा: आफ्रिकेतून आल्यावर ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. बाकी सगळं नंतर. तिकडचा मलेरिया दोन दिवसांत जीव घेऊ शकतो.

पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत दिसणारी लक्षणं जंताच्या जातीप्रमाणे बदलतात. मूत्राशयाजवळ राहणाऱ्या जातीत लघवीच्या शेवटी-शेवटी रक्त, जळजळ, सारखं जावंसं वाटणं. दुर्लक्ष केलं तर मूत्राशय आकसतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पुढे मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. बायकांना अंगावरून रक्त, पांढरं जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं, मूल राहण्यात अडचण. त्यांचे उपचार भलत्याच आजाराचे होत राहतात. आतड्याजवळ राहणाऱ्या जातीत पोटात कळ, पातळ शौच, शौचातून रक्त, आणि फार उशिरा यकृताला वण पडून रक्ताची उलटी.

लघवीत रक्त दिसलं की आपल्याकडे माणूस दोन गोष्टी करतो. एक तर मुतखडा समजून कुळथाचं कढण प्यायला लागतो. नाहीतर लाजून कुणाला सांगतच नाही, वाटतं लोक काय म्हणतील, कुठे गेला होता, काय करून आला. हा आजार पाण्याचा आहे, चारित्र्याचा नाही. बायकोला सांगा, डॉक्टरला सांगा.

परत आल्यावर: तपासणी कशी करून घ्यायची

लक्षणं असोत वा नसोत, तिथल्या गोड्या पाण्याशी संबंध आला असेल तर शेवटच्या संपर्कानंतर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. त्याआधी केली तर जंत अजून अंडी घालायला लागलेले नसतात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. लवकर केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्यांनीही एकदा करून घेण्यात काही गैर नाही, जंत तेवढा जगतो.

बेळगावात बसलेल्या डॉक्टरला हा आजार आपणहून सुचणं अवघड आहे, कारण त्यांच्यासमोर तो येत नाही. म्हणून ओपीडीत बसल्याबसल्या पहिलं वाक्य हे बोला: "डॉक्टर, मी अमुक देशात होतो आणि तिथल्या तळ्यात उतरलो होतो, बिलहार्झियाची तपासणी हवी." या एका वाक्याने महिनोन्महिन्यांची वणवण वाचते. मेडिकल कॉलेजला जोडलेलं मोठं हॉस्पिटल असेल तर तिथला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग कामाला येतो.

लघवीच्या नमुन्याचं नीट ऐका, कारण इथेच गडबड होते. सकाळची पहिली लघवी नको. अंडी सर्वांत जास्त पडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. आधी दोन-तीन जिने चढून-उतरून या, आणि लघवीचा शेवटचा भाग, अगदी शेवटच्या थेंबांसकट, डबीत घ्या. डबी लगेच लॅबमध्ये द्या. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "शिस्टोसोमाच्या अंड्यांसाठी" असं लिहून घ्या, नाहीतर आमच्याकडे नेहमीची साखर-प्रथिनं-पेशी बघून रिपोर्ट जातो. लघवी यंत्रात फिरवली की तळाला गाळ बसतो, तो काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. लाल पेशींच्या गर्दीत ते अंडं पेशींच्या मानाने फार मोठं दिसतं: लांबट, पातळ कवचाचं, आणि एका टोकाला बारीक काटा. आतड्याच्या जातीत हाच काटा टोकाला नसून बाजूला असतो, आणि ती अंडी शौचात सापडतात. काटा कुठे आहे त्यावरून जात ठरते. एका नमुन्यात अंडी नाहीत म्हणून आजार नाही असं होत नाही. निदान तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या, लघवीचे आणि शौचाचेही.

रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतील तर ती खूण धरा. आपल्याकडे ते ॲलर्जीचं किंवा साध्या जंताचं म्हणून सोडून देतात. शरीराने जंताविरुद्ध तयार केलेल्या रक्तातल्या प्रतिपिंडांचीही चाचणी असते. कमी दिवस राहून आलेल्या माणसात ती फार उपयोगी. पण ती उपचारानंतरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते, तेव्हा बरं झालं का हे तिच्यावरून ठरवू नका.

औषध

दुकानातून जंताची गोळी म्हणून मिळते ती अल्बेंडाझोल. ती या जंतावर चालत नाही. प्राझिक्वांटेलच लागतं. आफ्रिकेतल्या दोन्ही मुख्य जातींसाठी नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 600 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, जेवणाबरोबर. चव कडू आहे, चघळू नका. पोटात मळमळ, चक्कर, डोकेदुखी थोडा वेळ होते आणि जाते. त्या दिवशी गाडी चालवू नका.

पण हे स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि त्याला आपल्याकडे एक खास कारण आहे. भारतात मेंदूत फीतकृमीच्या गाठी असलेली माणसं बरीच आहेत, कित्येकांना ते माहीतही नसतं. त्यांनी प्राझिक्वांटेल घेतलं तर फिट येऊ शकते. कधीही फिट आली असेल, सतत डोकं दुखत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. फिटच्या आणि टीबीच्या काही औषधांनी याचा असरही कमी होतो. कातायामा तापात तर गोळीची वेळ डॉक्टरांनीच ठरवायची, काहींना सुरुवातीला स्टेरॉइड लागतं.

एका डोसने सगळे जंत जातीलच असं नाही. महिना-दोन महिन्यांनी लघवी किंवा शौच पुन्हा तपासा, अंडी दिसली तर पुन्हा डोस. बरं झाल्यावर पुन्हा त्याच पाण्यात उतरलं तर पुन्हा होतो.

घरच्यांना लागेल का?

नाही. एका ताटात जेवल्याने, एका न्हाणीत अंघोळ केल्याने, एका संडासाने हा आजार पसरत नाही. मध्ये ती ठरावीक गोगलगाय हवीच. आपल्या तळ्यांत ज्या गोगलगाई आहेत त्यांच्यामुळे गुरांना याच घराण्यातले दुसरे जंत होतात, बैल घोरायला लागतो तो त्यातलाच एक प्रकार, आणि भातखाचरात पायाला खाज सुटते तीही कधी त्या अळ्यांमुळे. पण गुरांचे हे जंत माणसाच्या कातडीतच मरतात. भारतात माणसाच्या बिलहार्झियाचं एक ठिकाण मात्र सापडलं होतं, आणि ते फार लांब नाही: रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. 1952 साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी ते उजेडात आणलं. तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही त्याच मुंबई राज्यात होता. म्हणून घाबरायचं कारण नसलं तरी उपचार पूर्ण होईपर्यंत नदी-तळ्याच्या काठाला न जाता संडास वापरा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी फोन हातात घ्या आणि त्या पाण्यात तुमच्याबरोबर जे जे होते त्यांना कळवा. अजून तिकडेच असलेल्यांना, निपाणीला परतलेल्याला, करार संपवून दुसऱ्या देशात गेलेल्यालाही. त्यांना बहुधा काहीच होत नसेल. त्यांना तारीख सांगा, जागा सांगा, आणि लघवी दहा ते दोनमध्येच द्यायची हेही सांगा.